जित्या माणसाची मूठ

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. ती वर्षातून एकदाच धुतली जाते. नागपंचमी आली की गिरणीवाला भाऊ सगळं उघडून झटकतो, फरशी धुऊन काढतो आणि दोन दिवस ज्वारी, डाळ, काही म्हणून घेत नाही. फक्त रोटाचे गहू. काल संध्याकाळी दूध आणायला गेले तर त्याने हाक मारून विचारलं, ताई, तुमचा रोट कधी आणता? मी म्हटलं, आणते. घरी आले, गव्हाचा डबा काढला, सूप काढलं आणि नुसतीच बसून राहिले. श्रावण आला की माझं हे असं होतं. बाहेर जळगावची दमट हवा, अंगाला चिकटणारी, आणि मध्येच एखादी सर येऊन वाफ वाढवून जाते.

खान्देशाबाहेरच्यांना कानबाई समजावून सांगावी लागते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, नारळाला नथ आणि डोरलं घालून, साडी नेसवून देवी चौरंगावर बसवायची आणि सोमवारी सकाळी नदीवर पोचवायची. सण एवढाच. पण त्याच्या पोटात रोट असतो, आणि तो एका दिवसात संपत नाही. घरात जेवढे पुरुष, मग कोणी म्हातारा असो की रांगतं पोर, तेवढ्यांच्या नावाने गहू मोजायचे. आमच्या माहेरी एकेकाच्या नावाने पाच मुठी आणि वर सव्वा. या सगळ्याला मिळून आम्ही 'त्याची मूठ' म्हणायचो. त्या पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं आणि घरच्यांनीच संपवायचं. शेजाऱ्याला द्यायचं नाही, पाहुण्याला नाही. भाऊबंदांच्या चुली वेगळ्या, त्यांचे रोट वेगळे.

लग्न होऊन गेलेली लेकही रोटाला परकी. माझं लग्न झालं त्या श्रावणात मी दोंडाईच्याला माहेरी गेले होते. मायने सगळ्यांची ताटं वाढली आणि माझ्यासाठी बाजूच्या शेगडीवर खिचडी टाकली. मी हसत म्हटलं, एक घास दे की, कोण बघतंय. तीही हसली. "तू आते त्यास्नी शे, बेबी," म्हणाली, म्हणजे आता सासरची, आणि खिचडीवर नेहमीपेक्षा जास्त तूप घातलं. तूप घालताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या लहानपणी रोट पुरायचा नाही. हे आता सांगताना मलाच खोटं वाटतं. आबा, म्हणजे माझे वडील, बाजार समितीत तोलाईचं काम करायचे. दिवसभर पोती उचलून आलेला माणूस, त्याची भूकही तशीच. दोघे भाऊ पोळीवर तुटून पडायचे. सोमवारी दुपारी पिठाचा डबा खडखडीत व्हायचा आणि धाकटा भाऊ मायला विचारायचा, कानबाई उद्या पुन्हा येणार का. त्या घरात तेव्हा पुरणाचा वास भिंतींना लागलेला असायचा. ओल्या सरपणाचा धूर, वेलदोडा, अंगणात पावसाने बसलेली काळी माती, आणि आबांच्या सदऱ्याला कायम येणारा मिरचीच्या पोत्यांचा तिखट खाट. मला वाटायचं, सगळ्यांची घरं अशीच वास मारतात.

आबा गेले, वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या श्रावणात माय गहू मोजायला बसली. पहिली मूठ नेहमी आबांची. तिने सवयीने पाच मुठी सुपात टाकल्या, वरची सव्वाही टाकली आणि मग थांबली. आम्ही सगळे बघत होतो. थोरल्या भावाने हळूच म्हटलं, माय. तिने ते गहू दोन्ही हातांनी गोळा करून परत डब्यात घातले. एकही दाणा तिने सुपात राहू दिला नाही. माणूस मेला की त्याची मूठ निघते, हे मी ऐकून होते. त्या दिवशी ती निघताना पाहिली.

शुगर मायला आबांच्या आधीपासून होती. आमच्याकडे मधुमेह कोणी म्हणत नाही. शुगर निघाली म्हणतात, विहिरीला पाणी निघावं तशी. सुरुवातीला गोळ्या, मग सुई. मायने सगळं केलं. मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस, जो जे सांगेल ते. आणि सुईही. थोरल्याने पुण्याहून मशीन आणून दिलं तेव्हा तिने ते एका दुपारी शिकून घेतलं. बोटं कामाने अशी निबर झालेली की टोचणी आत जायची नाही. ती करंगळीच्या कडेला टोचायची, तिथली कातडी अजून बाईमाणसाची आहे म्हणायची. वीज गेली की इन्शुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून माठाच्या पाण्यात सोडायची. मालिका बघता बघता पोटाला चिमटीत धरून सुई घ्यायची, आणि गल्लीतल्या नव्या शुगरवाल्या बायका तिच्याकडे शिकायला यायच्या. शेजारची सखूकाकू तर म्हणायची की डॉक्टरपेक्षा हीच बरी, निदान ओरडत नाही.

तिचं आपलं एक शास्त्र होतं. काय खाल्लं तर किती चढतं, किती चाललं तर किती उतरतं, हे तिने स्वतःच्या अंगावर बघून ठरवलेलं. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि भीतीही. कारण त्या शास्त्रात एक मोठं भोक होतं. उरलेलं अन्न ती खायचीच. पोरं यायची म्हणून लाडू करायचे, पोरांची सुट्टी रद्द व्हायची, लाडू माय संपवायची. ताटातलं टाकायचं नाही हे तिच्या हाडात होतं. मग सुई थोडी वाढवायची. मशीनवरचा आकडा खाली आला की हिशेब मिटला असं तिला वाटायचं.

आणि खाणारे तर पांगत चालले होते. थोरला पुण्याला गेला, धाकटा सुरतेला कापडाच्या कामात लागला. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, सगळे मुलगेच. म्हणजे घरात माणसं कमी आणि सुपात मुठी जास्त. नातू झाला की माय फोनवर आधी विचारायची, बाळ-बाळंतीण बरी ना, आणि मग लगेच श्रावणाचं बोलायची. प्रत्येक नातवाच्या नावाने रोटाचं पीठ वाढत गेलं. पहिल्यांदा सगळे यायचे, मग एक भाऊ यायचा, मग नुसताच सोमवारचा दिवस कोणीतरी तोंड दाखवून जायचं.

ज्या श्रावणाची मला आठवण येते, तो त्यानंतरचा. दोन्ही भावांना यायला जमणार नव्हतं. थोरल्याच्या मुलाची परीक्षा, धाकट्याला मालक सोडेना. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मायच्या पायाची आग व्हायला लागली होती, डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी किडनीवर भार येतोय असं सांगून गोड पूर्ण बंद केलेलं. मी थोरल्याला फोन केला. म्हटलं, एवढा रोट ती एकटी कशी खाणार, तूच काहीतरी बोल तिच्याशी, तुझं ऐकेल. तो बिचारा चांगल्या मनाने बोलला. मी तेव्हा माहेरीच पोचले होते आणि फोन मायने मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

"माय, या वर्षी आमच्या मुठी धरूच नको," तो म्हणाला. "आम्ही नाहीच असं समज."

मायने फोन बंद केला. बंद करायचं बटण तिला एरवी सापडायचं नाही, त्या दिवशी सापडलं. मग तिने सूप पुढे ओढलं आणि गहू मोजायला लागली. थोरल्याची मूठ, त्याच्या मुलांच्या, मग धाकट्याची, त्याच्या मुलांच्या. प्रत्येकाचं नाव घेऊन. मी म्हटलं, निदान नातवांच्या तरी वगळ, त्यांना रोट म्हणजे काय तेही ठाऊक नाही. ती मोजायची थांबली नाही. पुरे सहा जणांचे गहू झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "जित्ता मानूसनी मूठ कशी काढू, बेबी?"

देवाधर्माचं असतं तर मी वाद घातला असता, मला वाद घालायला आवडतं. उरलंसुरलं पीठ नदीत सोडायची मोकळीक होती असं सखूकाकू सांगायची. माय म्हणायची, ती पळपुट्यांसाठी. पण मुठीचं तसं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर एक मूठ परत डब्यात गेली होती आणि तिचा माणूस परत आला नव्हता. जिवंत मुलाचे गहू स्वतःच्या हाताने डब्यात टाकायचे म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा नीट कळत होतं.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी गेली. बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या. माय काठाशी बसून टाळ्या वाजवत होती. मंगळवारपासून घरात आम्ही दोघीच. दोन्ही वेळेला ती माझ्यासमोर बसून पोरांची पोळी खायची आणि मी तिच्यासमोर बसून माझी खिचडी. मधे एक हाताचं अंतर. मी हात लांबवून तिच्या ताटातली पोळी उचलली असती तर कोणी अडवणार नव्हतं. मी एकदा उचललीही. तिने माझं मनगट धरलं. रागाने नाही, लहानपणी चुलीजवळ जाताना धरायची तसं. मी पोळी खाली ठेवली. त्या घरात जन्मून, वाढून, त्याच पुरणाच्या वासात निजून उठून, मायच्या ताटातला एक घास मला कमी करता येत नव्हता. तेव्हा मला रडू आलं, आणि ते खिचडीत पडू नये म्हणून मी उठून पाणी प्यायला गेले.

गुरुवारी दुपारी तिने जेवणाआधी सुई घेतली. दोन पोळ्या खायच्या म्हणून वाढवून घेतली. मी पोळी तव्यावर टाकली तोच सखूकाकू दाराशी आली आणि कोणाच्या तरी लग्नाचं काढून बसली. माय तिच्याशी बोलायला बाहेर ओट्यावर गेली. मीही पोळी झाकून ठेवली. थोड्या वेळाने सखूकाकूची हाक आली. बाहेर गेले तर मायला दरदरून घाम सुटलेला, ओठ पांढरे, शब्द जड. शुगर उतरली होती. मी आत पळाले, साखरेचा डबा उचलला, मूठभर साखर घेऊन तिच्या तोंडाशी नेली. तिने मान फिरवली. मला वाटलं, तिला कळत नाहीये. पण कळत होतं.

"साखर नको," ती म्हणाली, जीभ अडखळत होती. "पोयी दे मले."

माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. सखूकाकूने तिचं डोकं धरलं, मी बोटाने साखर तिच्या गालात कोंबली, आणि मग पोळी दिली. ओट्यावर बसून, घामाने भिजलेल्या पातळात, तिने ती अख्खी पोळी खाल्ली, मग दुसरी मागितली. तासाभरात मशीन ठीक आकडा दाखवायला लागलं. माय भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा चेहरा चक्क उजळला होता. काहीतरी सापडल्यासारखा. इतके दिवस पोळी घशाखाली ढकलावी लागत होती, आज अंगाने ती मागून घेतली होती.

"सुई वाढाई का जागा व्हई जास," ती मला समजावून सांगायला लागली.

म्हणजे सुई वाढवली की जागा होते. त्या दिवसापासून हे तिच्या शास्त्रात जमा झालं. आधी सुई घेऊन अंगात खड्डा करायचा आणि मग तो पोरांच्या वाट्याने भरायचा. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पीठ संपलं. तिने डबा उलटा करून ओट्यावर उन्हात ठेवला आणि दोन्ही मुलांना फोन करून सांगितलं की झालं, सगळ्यांचं पोचलं. दोघेही म्हणाले, बरं झालं माय, तब्येतीला जप.

पुढची काही वर्षं ती हेच करत राहिली. श्रावणातच नाही, दिवाळीत, संक्रांतीत, कोणी न आलेल्या प्रत्येक सणाला. धुळ्याला तपासायला नेलं की डॉक्टर कागद बघून विचारायचे, आजी, मध्येच एवढी का चढते? ती म्हणायची, सणवार असतात ना. तेही मान हलवायचे. मी बाजूला बसलेली असायचे. मी त्यांना सगळं सांगून पाहिलं, रोट काय, मूठ काय. ते मूळचे इकडचे नव्हते, पण शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ताई, एका आठवड्याच्या पुरणाने किडनी जात नाही, वर्षानुवर्षांचं आहे हे, रोटाला दोष देऊ नका. खरंच असेल. मी रोटाला दोष देतही नाही. मला फक्त ती खिचडी आणि ते एक हाताचं अंतर सारखं दिसतं.

आता मलाही शुगर आहे. दोन गोळ्या आहेत, सुई नाही अजून. आज सकाळी उपाशीपोटी मोजली तर चांगली आली. मी रोज चालते, भात मोजून खाते, पोस्टातल्या माझ्या टेबलावर कोणी पेढे ठेवले तर शिपायाच्या हातात देऊन टाकते. मायच्या शास्त्रातलं भोक मी बुजवलंय असं मी सगळ्यांना सांगत असते. आणि काल सूप पुढे घेऊन बसले होते तेव्हा बंगलोरहून मुलाचा फोन आला. मी म्हटलं, तुझी मूठ धरतेय, येशील ना. तो हसत म्हणाला, आई, माझं तू खाऊन टाक ना. त्याच्या मनात काही नव्हतं. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला कळलं की मी बरं म्हटलंय.

मायच्या शेवटच्या वर्षी आम्ही तिला धुळ्यालाच ठेवलं होतं, डायलिसिसला सोपं पडावं म्हणून. तिथेही मशीनजवळ पडल्या पडल्या ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला सुई कुठे टोचली तर दुखत नाही ते सांगायची. पायाचा अंगठा तोवर काढला होता. गोड तर सोडाच, पाणीही मापाने मिळायचं. एकदा मला म्हणाली की तहान भुकेपेक्षा वाईट, भुकेला निदान फसवता येतं. उन्हाळ्यात ती गेली. दोन्ही भाऊ, वहिन्या, सगळे नातू आले होते. इतकी माणसं दोंडाईच्याच्या त्या घरात मी कितीतरी वर्षांनी एकदम पाहिली.

त्या वर्षी सुतक-वर्षश्राद्ध म्हणून कानबाई बसली नाही. पुढच्या श्रावणात मात्र थोरल्याने ठरवलं की दोंडाईच्यालाच बसवायची, मायच्या घरात, सगळ्यांनी सुट्ट्या काढून यायचं. मी जळगावहून सकाळची गाडी धरली. नरडाण्याच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी, पानं धुतलेली, आणि मला राहून राहून वाटत होतं की आज मोजताना कोणाचा तरी हात थांबेल. आबांच्या वेळी थांबला होता तसा. मी त्या थांबण्यासाठीच चालले होते असं म्हटलं तरी चालेल.

थोरली वहिनी गहू मोजायला बसली. तिने आधी कधी मोजले नव्हते, म्हणून सखूकाकूला शेजारी बसवलं होतं. मी दारात उभी होते. थोरल्याची मूठ, त्याच्या मुलांच्या, धाकट्याची, त्याच्या मुलांच्या. सुपात गव्हाची रास झाली. वहिनीचा हात थांबला. तिने वर बघून सखूकाकूला विचारलं, आता आईंचे यातून किती काढायचे?

सखूकाकू गोंधळली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुपाकडे.

"बायास्नी मूठ ऱ्हात नही वं," ती म्हणाली.

वहिनीने सूप उचललं आणि गहू पिशवीत ओतले. धाकट्याचा मुलगा ती घेऊन गिरणीवर गेला. रास तेवढीच होती, मायच्या शेवटच्या रोटाएवढीच. एक दाणा कमी झाला नव्हता.